स्वदुःखाची तितिक्षा आणि परदुःखाचे निवारण

देह आहे तेथे व्याधी आहे. श्रीमंताचा वाडा असो की मजुराची झोपडी, या पाहुण्याला निमंत्रण लागत नाही आणि परत जाण्याची त्याला घाईही नसते. भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू आणि जरा यांच्याच पंक्तीत व्याधीला बसविले असून, तिच्यातील दुःख व दोष मुमुक्षूने वारंवार डोळ्यांपुढे ठेवावेत असे सांगितले आहे. परंतु दुःख पाहणे निराळे आणि ते पाहिल्यावर काय करावे हे ठरविणे निराळे. घरातील कर्ता पुरुष किंवा गृहिणी असाध्य रोगाने अंथरुणाला खिळली म्हणजे गृहस्थाच्या मनात दोन विचार एकाच वेळी उभे राहतात. एक म्हणतो, प्रारब्धाचा भोग भोगूनच संपतो. तेव्हा मुकाट्याने सोसावे. दुसरा म्हणतो, हातपाय चालतात तोवर प्रयत्न सोडणे पुरुषार्थाला शोभत नाही. दोन्ही विचार शास्त्राचा आधार दाखवितात. त्यांतील कोणता खरा मानावा, आणि दोन्ही खरे असतील तर त्यांची हद्द कोठे आखावी, हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हे. रोग्याच्या उशाशी बसलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागण्याने द्यावेच लागते.

कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील तंजावर नगरीने या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळी दिलेले आहे. राजराज चोळाने उभारलेले बृहदीश्वराचे भव्य मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. शिवाचे ते गगनचुंबी विमान पाहण्यास आजही देशोदेशींचे यात्रेकरू येतात. परंतु त्याच राजाची वडील बहीण कुंदवै हिने आपले पिते सुंदर चोळ यांच्या नावे तंजावरात एक आतुरशाला चालविली होती आणि तिच्या निर्वाहासाठी जमीन लावून दिली होती, ही गोष्ट फार थोड्या यात्रेकरूंना ठाऊक असते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात वीरराजेंद्र चोळाच्या तिरुमुक्कूडल येथील शिलालेखात एका मंदिराच्या आश्रयाने चालणाऱ्या रुग्णालयाचा तपशील कोरलेला आहे. पंधरा खाटा, एक वैद्य, एक शल्यवैद्य, औषधी आणणारे सेवक, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आणि साठवून ठेवावयाच्या औषधांची नावे, असे सर्व काही त्यात आहे. ज्यांनी देवासाठी एवढे दगड चढविले त्यांना कर्मसिद्धान्त ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? तरीही रोग्याच्या खाटेची मोजदाद त्यांनी देवळाच्या भिंतीवर, देवाच्या दिव्यांच्या आणि नैवेद्याच्या नोंदींबरोबरच केली. त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टी परक्या नव्हत्या.

पुढे सतराव्या शतकात भोसले कुळाची एक शाखा तंजावरच्या गादीवर आली. त्या कुळातील दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये राज्यावर बसले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला, वार्षिक तनखा, महसुलाचा काही हिस्सा आणि राजा हे नाव. अशा वेळी मनुष्य दोनपैकी एका मार्गाने जातो. तो गेलेल्या गोष्टीसाठी झुरत बसतो, किंवा उरलेले सुखोपभोगात उधळून टाकतो. सरफोजी राजांनी या दोन्ही वाटा सोडल्या. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी केलेला विस्तार सर्वश्रुत आहे. धन्वंतरी महाल नावाच्या संस्थेत त्यांनी आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य अशा सर्व पद्धतींच्या वैद्यांना एकत्र आणले आणि अनुभवास उतरलेली औषधे तमिळ ग्रंथांत नोंदवून ठेवविली. नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांची टिपणे तेथे रोग्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह जपून ठेवली गेली. ज्या मोतीबिंदूला लोक म्हातारपणाचे आंधळेपण म्हणून कपाळावर हात मारून स्वीकारीत, त्याच्यावर तेथे शस्त्रक्रिया होत होत्या.

राज्यातील छत्रांविषयी सरफोजी राजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. छत्रांत येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, अन्न मिळते. आजारी पडलेल्याची देखभाल वैद्य करतात. जो दगावतो त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या रीतीप्रमाणे होतात. गर्भवती स्त्रिया आणि पोरकी मुले यांचीही काळजी घेतली जाते, असा त्याचा आशय आहे. राज्य गेलेला राजा परसत्तेच्या अधिकाऱ्याजवळ मागतो काय, तर वाटेवरच्या अनोळखी आजाऱ्याला वैद्य मिळत राहावा एवढेच. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा जो दीर्घ मराठी शिलालेख १८०३ मध्ये कोरला गेला, तो कुळाचा इतिहास सांगतो. हे पत्र मात्र त्या कुळाचा धर्म सांगते.

आता एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे. ब्रिटनमध्ये टेसा जॉवेल या नावाच्या एक राजकारणी स्त्री होऊन गेल्या. त्यांचा जन्म १९४७ चा. त्या अनेक वर्षे मंत्रिपदावर होत्या, आणि २०१२ ची ऑलिंपिक स्पर्धा लंडनला मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१७ च्या मे महिन्यात त्यांना एकाएकी झटके आले आणि तपासणीत ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. हा रोग अत्यंत दुर्धर मानला जातो. त्याची मुळे निरोगी मेंदूत अशी शिरतात की शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी सूक्ष्म अंश मागे राहतोच. मेंदूचे रक्षण करण्यासाठी निसर्गाने रक्तवाहिन्यांभोवती जो अडसर घातला आहे, तोच पुष्कळशा औषधांनाही आत येऊ देत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे तिन्ही उपाय करूनही निम्म्याहून अधिक रोगी साधारण सव्वा वर्षापेक्षा जास्त जगत नाहीत.

२५ जानेवारी २०१८ या दिवशी ही रुग्ण स्त्री ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बोलावयास उभी राहिली. निरनिराळ्या देशांतील वैद्यांनी आपले ज्ञान एकमेकांपासून राखून न ठेवता एकत्र आणावे. रोग्यांना नव्या उपचारांच्या चाचण्यांत भाग घेता यावा. एकाच चाचणीत अनेक औषधे तपासून निरुपयोगी ठरेल ते लवकर बाजूला सारावे, अशी तिची मागणी होती. भाषणात त्यांनी सांगितले की, आपल्याला स्वतःविषयी भय वाटत नाही. भय वाटते ते हे काम फार अवघड म्हणून कोपऱ्यात टाकले जाईल याचे. भाषण संपल्यावर त्या सभागृहाचा रिवाज मोडून सभासदांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. आपल्या रोगाची सर्व वैद्यकीय माहिती संशोधकांना खुली करण्यासही त्यांनी संमती दिली. त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, १२ मे २०१८ रोजी, कुटुंबीयांच्या सान्निध्यात त्यांचा देह पडला. ब्रिटिश सरकारने मेंदूच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी ४ कोटी पौंडांची रक्कम जाहीर केली. शस्त्रक्रियेच्या वेळी रोगट भाग चमकून दिसावा यासाठी रोग्याला जो द्रव पाजतात, तो तेव्हा सर्वच केंद्रांत मिळत नव्हता. तो इंग्लंडमधील सर्व केंद्रांत पोहोचविण्याचा निर्णय झाला. या सर्वाचा त्यांना स्वतःला काडीइतकाही उपयोग झाला नाही.

दधीची ऋषींनी आपल्या अस्थी देवांना दिल्या, त्यांचे वज्र झाले आणि वृत्र मारला गेला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. ते वज्र हाती घेऊन लढण्यास दधीची उरले नव्हते. आपल्या रोगाची कागदपत्रे संशोधकांच्या स्वाधीन करणारा रोगी याच जातीचे दान करतो. त्याच्या देहाने त्याला दगा दिला असतो; तरी त्या देहाच्या मोडतोडीतून दुसऱ्याच्या रक्षणाचे हत्यार घडावे, एवढीच त्याची इच्छा असते. हे दान करण्यास ना वैभव लागते ना बळ. मन मोकळे असावे लागते.

याच्याही आधी असे एक कार्य तंजावरच्या अगदी शेजारी जन्मलेल्या एका स्त्रीने केले होते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी, तंजावरला लागून असलेल्या पुदुकोट्टै संस्थानात झाला. मुलींना शाळेत पाठविणेही लोकांना रुचत नव्हते अशा काळात त्या शिकल्या, आणि १९१२ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. १९२३ मध्ये त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. स्वतः वैद्य असून सख्ख्या बहिणीला वाचविता आले नाही, याहून दारुण अनुभव वैद्याच्या वाट्याला दुसरा कोणता येणार? त्या दुःखाला कवटाळून बसल्या असत्या तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी मात्र कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय काढण्याचा संकल्प केला. १९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दीच्या वेळी तो जाहीरपणे बोलून दाखविला. अशा रुग्णालयाचा उपयोग काय, कर्करोग झालेला मनुष्य मरतोच, असे अधिकारपदावरील माणसेही म्हणत. तरी वर्गण्या जमविणे, अर्ज करणे, दारोदार जाणे थांबले नाही. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १९५४ मध्ये अड्यार येथे बारा खाटांचे छोटेसे रुग्णालय सुरू झाले. बहिणीच्या मृत्यूला तेव्हा एकतीस वर्षे लोटली होती. त्यांचे पुत्र डॉ. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये तेथे आलेल्या डॉ. व्ही. शांता यांनी ते कार्य वाढविले. डॉ. शांता २०२१ मध्ये देहावसान होईपर्यंत त्याच संस्थेत राहिल्या. गरीब रोग्याला पैशांवाचून परत पाठवू नये हा त्या संस्थेचा बाणा आहे.

ही उदाहरणे केवळ स्तुतीसाठी दिलेली नाहीत. त्यांच्यासमोर धरून काही आक्षेप तपासावयाचे आहेत. कारण हे आक्षेप दुष्ट लोक घेत नाहीत, भाविक लोकच घेतात.

पहिला आक्षेप असा की, रोग हे प्रारब्धाचे फळ आहे. ते टाळण्याची खटपट म्हणजे ईश्वरी न्यायात ढवळाढवळ होय. या आक्षेपात एक मोठा घोटाळा आहे. प्रारब्धाचा विचार शास्त्रांनी मनुष्याला स्वतःच्या दुःखात धीर यावा म्हणून सांगितला. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याची सबब म्हणून नव्हे. स्वतःच्या वेदनेला माणूस ‘हे माझे प्रारब्ध’ म्हणतो तेव्हा त्याच्या ठिकाणी शांती येते. तेच वाक्य तो शेजाऱ्याच्या वेदनेला लावतो तेव्हा त्याच्या ठिकाणी निष्ठुरता येते. वाक्य एकच, पण एका ठिकाणी ते औषध आहे आणि दुसऱ्या ठिकाणी विष. शिवाय दुसऱ्याच्या कर्माची वही कोणाच्या हाती आहे? त्याचा भोग कधी आणि कोणाच्या हातून संपावयाचा, हे कोणी पाहिले आहे? कदाचित त्याचे प्रारब्ध असेही असेल की, तुमच्या हातून त्याला औषध मिळावे. आणि ते तुम्ही दिले नाही तर त्याचा भोग लांबेलच, पण तुमच्या खाती मात्र एक नवे कर्म जमा होईल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. रोगनिवारणाला ही पाचही तंतोतंत लागू पडतात. अधिष्ठान म्हणजे रोग्याचा देह. कर्ता म्हणजे वैद्य व शुश्रूषा करणारा. साधने म्हणजे औषधे, उपकरणे आणि खाटा. प्रयत्न म्हणजे संशोधन, वेळेवर केलेली तपासणी, रात्रीची जागरणे. ही चार पुरी झाल्यावर पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार येतो. जेथे वैद्य नाही, औषध नाही, रोगी दवाखान्यात आणलाच उशिरा, तेथे ‘दैवाने नेला’ असे म्हणणे म्हणजे आपल्या चार अपराधांचे ओझे देवाच्या खांद्यावर टाकणे होय. दैव आहे, हे कोण नाकारतो? पण ते पाचवे आहे. त्याला पहिल्या जागी बसविण्याची आज्ञा गीतेने दिलेली नाही.

दुसरा आक्षेप असा की, स्वतः रोगी असलेला मनुष्य त्या रोगाच्या उपचारासाठी खटपट करतो तेव्हा ती निष्काम कशी म्हणावी? त्याला जगावयाचे असते. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. टेसा जॉवेल यांना जगावयाचे होते. उपचारासाठी त्या परदेशीही गेल्या होत्या. परंतु जगण्याची इच्छा हे पाप नव्हे. भगवंतांनी आपल्या चार प्रकारच्या भक्तांत आर्ताची गणना केली आहे आणि त्या सर्वांनाच उदार म्हटले आहे. संकटाने हाक मारावयास लावली म्हणून ती हाक खोटी ठरत नाही. पाहावयाचे एवढेच की, त्या हाकेत फक्त स्वतःचे नाव आहे की आपल्यासारख्या सर्वांचे आहे. आपला क्रमांक पुढे लागावा म्हणून ओळखी लावणारा रोगी आणि सर्वांनाच औषध मिळावे म्हणून उभा राहणारा रोगी, यांचा रोग एक असला तरी वृत्ती एक नव्हे. आणि शेवटची कसोटी काळ घेतो. आपला लाभ होणार नाही हे कळून चुकल्यावरही जो काम सोडीत नाही, त्याच्या कर्मातील सकामतेचा अंश आपोआप गळून पडतो. निष्कामता मनुष्याच्या अंगी आरंभीच पूर्ण असते असे नाही. ती कर्म करता करता शुद्ध होत जाते, सोने मुशीत होते तसे.

फळाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जॉवेल यांच्या मागे जाहीर झालेल्या सरकारी रकमेचा मोठा भाग पाच वर्षांनंतरही संशोधनापर्यंत पोहोचलेला नव्हता, असे त्यांच्याच देशाच्या संसद-सदस्यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवून दिले. घोषणा झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. फळ आपल्या हाती नाही हे गीतेचे सांगणे अशा ठिकाणी अक्षरशः अनुभवास येते. परंतु त्याचा अर्थ काम व्यर्थ गेले असा नव्हे. पुढच्याने त्याच ठिकाणापासून हात लावावा, एवढाच आहे. मुथुलक्ष्मींच्या संकल्पाला एकतीस वर्षे लागली. पंचविसाव्या वर्षी कोणी त्याचा हिशेब केला असता तर त्याला शून्यच दिसले असते.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. जो रोग बरा होतच नाही त्याच्यावर पैसा आणि श्रम कशासाठी घालावेत? त्यापेक्षा जे बरे होण्यासारखे आहे त्याकडे लक्ष द्यावे. वरकरणी हे शहाणपणाचे दिसते. परंतु ‘असाध्य’ हा शब्द रोगाचा स्वभाव सांगत नाही, त्या काळातील ज्ञानाची मर्यादा सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग म्हणजे थोड्या महिन्यांतील मृत्यू असे समीकरण होते. आज चांगल्या केंद्रांत उपचार मिळाले तर त्यांतील बहुतेक मुले बरी होतात. मधल्या काळात जी मुले दगावली आणि ज्यांच्या आईबापांनी नव्या औषधांना संमती दिली, त्यांच्या ऋणावर आजची मुले वाढत आहेत. आयुर्वेदानेही साध्य आणि असाध्य यांच्या मध्ये कृच्छ्रसाध्य आणि याप्य असे भेद केले आहेत. जो रोग समूळ जात नाही, पण उपचाराने ताब्यात राहतो, तो याप्य. आणि जेथे तेवढेही साधत नाही, तेथेही वेदना कमी करणे, झोप लागू देणे, रोग्याला एकटे न पडू देणे हे उरतेच. रोग असाध्य असेल, पण रोगी कधीही उपेक्षणीय होत नाही.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, सावधगिरी आहे. प्रयत्नवादाचाही अतिरेक होतो. देह हाच सर्वस्व मानून, कोणी सांगेल तो उपाय, कोणी मागेल ती रक्कम, असे करीत घर धुऊन काढणारी कुटुंबे थोडी नाहीत. भोंदू लोक अशाच भयाच्या जोरावर पोट भरतात. जेथे जाणते वैद्य एकमताने सांगतात की आता अधिक औषधाने क्लेशच वाढतील, तेथे थांबणे हा पराभव नव्हे. तेथे तितिक्षेचा प्रांत सुरू होतो. शीत-उष्ण, सुख-दुःख येणारे-जाणारे आहेत, त्यांना सहन कर, हा उपदेश भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला केला. परंतु त्याच अर्जुनाला त्यांनी हातातील कर्म टाकून जाऊ दिले नाही. सोसणे आणि लढणे हे दोन्ही उपदेश एकाच मुखातून, एकाच रणभूमीवर, एकाच श्रोत्याला झाले आहेत. मग ते परस्परविरोधी कसे असतील?

यावरून हद्द कोठे आखावी हे स्पष्ट होते. आपल्या वाट्याला आलेले दुःख शक्य ते सर्व करून उरेल तेव्हा शांतपणे सोसावे. दुसऱ्याच्या वाट्याला आलेले दुःख मात्र आपल्याकडून होईल तेवढे निवारण केल्यावाचून सोसू नये. पहिल्यात धैर्य आहे, दुसऱ्यात करुणा आहे. पुष्कळदा मनुष्य याच्या नेमके उलट वागतो. स्वतःचे बोट कापले तर सारे घर डोक्यावर घेतो, आणि शेजारच्या घरातून रात्रभर ऐकू येणारे कण्हणे ‘ज्याचे त्याचे भोग’ म्हणून कूस बदलून ऐकतो. सहाव्या अध्यायात भगवंतांनी जो श्रेष्ठ योगी वर्णिला आहे, तो दुसऱ्याचे सुखदुःख आपल्या ठिकाणी कल्पून पाहतो. आसन आणि प्राणायाम न जमणाऱ्या गृहस्थालाही हा योग रोग्याच्या उशाशी बसून साधण्यासारखा आहे. आणि आळसाने किंवा कष्टांच्या भयाने सोडलेल्या कर्तव्याला कोणी ‘ईश्वरेच्छा’ असे नाव दिले तरी, अठराव्या अध्यायाच्या दृष्टीने तो त्याग तामस किंवा राजसच राहतो.

गृहस्थाने यातून काय घ्यावे? संसद गाठणे सर्वांना शक्य नाही, रुग्णालय काढणे तर फारच थोड्यांना. परंतु काही गोष्टी कोणत्याही घरात होण्यासारख्या आहेत.

घरातील रोग लपवू नये. मुलीच्या लग्नात अडथळा येईल, लोक बोट दाखवतील, या भयाने कर्करोगासारखे आजार झाकून ठेवले जातात; विशेषतः स्त्रिया आपली दुखणी शेवटपर्यंत बोलत नाहीत. झाकलेला रोग वाढतो, आणि वेळेवर झालेल्या तपासणीने जो वाचला असता तो हातचा जातो. अशा मौनाला सहनशीलता म्हणून गौरविणे हा घरातील इतर माणसांचा अपराध आहे.

रोग्याला ‘कोणत्या जन्मीचे पाप’ असे कोणीही, कधीही ऐकवू नये. त्याच्या देहाला रोगाने जाळलेच आहे. मनाला शब्दाने जाळू नये.

जो ज्या गावी आहे त्याने तेथील दवाखान्याकडे आपले म्हणून पाहावे. देवळाच्या दिव्याला तेल घालताना आजाऱ्याच्या औषधालाही चार पैसे बाजूला ठेवावेत. कुंदवैने लावून दिलेली जमीन आणि गरीब गृहस्थाचे चार पैसे यांत भगवंताच्या दरबारी फरक नाही. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक होय.

आणि ज्याच्या घरचे माणूस रोगाने गेले आहे, त्याने तेराव्या दिवसानंतर एक गोष्ट अवश्य करावी. त्या आजारात काय उणे पडले ते आठवावे. रक्त मिळाले नाही, वाहन मिळाले नाही, खरे सांगणारा वैद्य मिळाला नाही, की रात्री जवळ बसणारे कोणी नव्हते? जे उणे पडले ते दुसऱ्या कोणाला उणे पडू नये एवढी खटपट करावी. मुथुलक्ष्मींनी याहून निराळे काही केले नाही. मृताच्या स्मरणाचा हा विधी श्राद्धाच्या आड येत नाही. तो श्राद्धाला पूर्ण करतो.

भागवतातील रंतिदेव राजाची कथा प्रसिद्ध आहे. अनेक दिवसांच्या उपवासानंतर समोर आलेले अन्न त्याने याचकांना वाटून टाकले, आणि उरलेले पाणीही एका तहानलेल्याला देऊन टाकले. त्याने देवाजवळ सिद्धी मागितली नाही, मोक्षही मागितला नाही. दुःखितांच्या अंतरात राहून त्यांचे दुःख आपण घ्यावे एवढेच मागितले. राजा होता तेव्हा त्याने किती दिले याचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही. हातात एक ओंजळ पाणी उरले असता त्याने काय केले, हेच लोक आठवतात. सरफोजी राजांचे राज्य गेले, मुथुलक्ष्मींची बहीण गेली, टेसा जॉवेल यांचे आयुष्य गेले. प्रत्येकाच्या हाती एक ओंजळ उरली होती. ती कोणाकडे वळवावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मात्र कोणत्याही रोगाने, कोणत्याही तहाने, कोणत्याही मृत्यूने हिरावून घेतले नाही; आणि ते कोणाचेही हिरावले जात नाही.